हेलेदच्या किल्ल्या

तिकीट नऊ पौंड. कुत्र्याला माफ.
खिडकीमागची बाई स्वेटरच्या बाह्या सारत म्हणाली,
"छप्पर नाही, आधीच सांगते.
मागच्या आठवड्यात एकानं पैसे परत मागितले."

ऑक्टोबरातला मंगळवार, वेल्सच्या डोंगरातला बोचरा वारा.
आम्ही चौघं:
लीड्सचं एक जोडपं, आपसात काहीतरी बिनसलेलं,
शाळा बुडवून आलेला एक मुलगा,
आणि मी.
कुत्रा कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हेलेदनं पाटी उलटी केली,
खुंटीवरचा जुडगा घेतला, मुठीएवढा.
मी म्हटलं, माझ्या भाषेत
याला किल्ला म्हणतात आणि त्याला किल्ली,
सख्खी भावंडं वाटावीत अशी.
ती कुलपाशी झटापट करत म्हणाली,
"भाऊ गेला कधीच.
बहीण अजून नोकरीवर आहे."

जिना उजवीकडे वळत चढतो.
"तलवारबाजाच्या सोयीसाठी, असं म्हणतात.
खोटंच असावं. पण सांगितलं की प्रत्येक जण
नकळत उजवा हात उचलून बघतो,
ते मला आवडतं."
आमचे हात वर गेलेलेच होते.
जोडप्यातला तो डावखुरा निघाला.
"तू मेलास," त्याची बायको म्हणाली,
आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली असावी.

वर पोचलो, तर वर काहीच नव्हतं.
मजले केव्हाच खाली आलेले.
भिंतीत चुली तेवढ्या राहिलेल्या,
एकीवर एक, तीन,
अधांतरी.
सगळ्यांत वरचीत करड्या मानेच्या कावळ्यांचं बिऱ्हाड.
जिथं कुणी सरदार तंगड्या पसरून शेकत बसला असेल
तिथं काटक्या, मेंढीची लोकर,
चॉकलेटचा एक चकचकीत कागद.
मी फोटो काढला. फोटोत नुसतं भोक आलं.

मुलानं विचारलं, राजे शी कुठं करायचे?
हेलेदनं सुस्कारा सोडला.
"सातशे वर्षांत सगळ्यांना हेच हवं असतं."
दगडी बाक, त्याला छिद्र, खाली खंदक.
त्यानं आत एक खडा टाकला.
आम्ही सगळे, भांडणारेसुद्धा, कान देऊन उभे.
खडा पडल्याचा आवाज आलाच नाही.

"हा बांधला कुणासाठी?" मी विचारलं.
"आमच्यासाठी नाही. आमच्यावर.
कर बसवतात ना, तसा.
दगड आमच्याच लोकांनी वाहिले,
मग त्यांनी दार आतून लावून घेतलं."
पाच वाजले होते.
तिनं आम्हाला बाहेर काढलं,
कुत्र्याला हाक मारली, वेल्श भाषेत, तोही आला,
आणि दार बाहेरून लावलं.
दोनदा ढकलून पाहिलं.

माझी बस चुकली. पुढची साडेसहाला.
पायथ्याशी तिचं घर, चहाचं आधण,
खिडकीत सुकत घातलेले बूट.
दाराशी एक पायरी, मधोमध खोलगट,
कडेला पाथरवटाची खूण: माशासारखं काहीतरी.
तोच मासा वर वेशीच्या कमानीवर पाहिला होता मी.
"पणजोबांच्या आजोबांनी रात्री ढकलगाडीतून आणला.
सगळ्या गावानंच आणले.
चर्चात आहेत, पोस्टात आहेत,
मेंढ्यांच्या कोंडवाड्यात तर निम्मा बुरूज आहे."
"म्हणून छप्पर नाही?"
"छे. छपराला शिसं होतं.
ते पहिल्याच हिवाळ्यात गेलं."

तिनं जुडगा किटलीशेजारच्या खिळ्याला अडकवला.
त्यातली एक किल्ली कशाचीच नाही, म्हणाली.
टाकवतही नाही.

दरीत बसचे दिवे दिसले.
निघताना मी पायरी ओलांडली,
लहानपणच्या सवयीनं, तिच्यावर पाय न देता.
हेलेदनं ते पाहिलं.
"पाय दे की तिच्यावर. सगळे देतात.
त्यानंच तर ती अशी झालीय."

मी मागे वळलो. दिला.
मग दुसराही.
त्या खोलगट जागेत दोन्ही पाय बरोबर बसले,
आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.